दूर गेलेले आईबाप व घरी राहिलेली मुले
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेतील भाषण)



ज्युबिलीच्या वर्षी प्रत्येकाने आपल्या वतनाकडे व आपल्या कुटुंबाकडे परत जावे, अशी परमेश्वराची आज्ञा लेवीयाच्या ग्रंथाच्या 25 व्या अध्यायात आहे. आज आपण पताका लावून ज्युबिली साजरी करीत आहोत. परंतु आपल्या खानदेशातील कितीएक कुटुंबे दर वर्षी दिवाळी आटोपताच दुभंगतात, हे आम्हांस विसरता येत नाही.

साक्री, शिरपूर, चोपडा या बाजूंची भिल्ल व पावरा कुटुंबे ऊसतोडीस दक्षिण गुजरातेत व पश्चिम महाराष्ट्रात जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते. पतिपत्नी मिळून एक कोयता धरला जातो. चार-पाच महिने कोपीत काढावे लागतात. मुले सोबत न्यावीत तर शाळा सुटते. आजीआजोबांपाशी ठेवावीत तर आईबाप अंतरतात. अशा पेचात सापडलेल्यांस बेपर्वा म्हणणे हा अन्याय होय.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्यान्वये 6 ते 14 वर्षांच्या मुलास, दाखला येण्यास विलंब झाला म्हणून, दुसऱ्या शाळेत प्रवेश नाकारता येत नाही. हे प्रत्येक आईबापाने ध्यानी ठेवावे. तथापि कायदा शाळेत जागा देईल. माया व वळण देणे त्याच्या हाती नाही. आईबाप हेच मुलांचे पहिले व मुख्य शिक्षक होत, असे द्वितीय व्हॅटिकन परिषदेने 1965 साली सांगितले. मग शंभर कोसांवरून हे कर्तव्य कसे पार पाडावे?

फिलिपाईन्स देशाहून अमेरिकेत जाऊन राहिलेल्या कुटुंबांकडे पाहा. लॉस एंजेलिस नगरीत त्यांच्या आईबापांसाठी मुलांच्या संगोपनाचे वर्ग चालविण्यात आले. 2020 च्या महामारीनंतर ते पडद्यावरूनही चालले. त्या शिक्षणाचा क्रम मननीय आहे: आधी मुलाशी खेळणे व त्याचे ऐकणे, मग चांगल्या कृतीची नेमकी प्रशंसा, आणि शिस्त त्यानंतर.

आपल्याकडे हा क्रम उलटा होतो. रात्री कोपीतून फोन येतो व पहिलाच प्रश्न असतो, "अभ्यास केलास का?" मूल "हो" म्हणते आणि फोन आजीच्या हाती देते. त्याऐवजी, "आज काय खेळलास? कोणाशी भांडलास?" असे विचारून पाच मिनिटे स्वस्थ ऐकावे. "धाकट्या बहिणीला शाळेत पोहोचविलेस, फार चांगले केलेस," असे कृतीचे नाव घेऊन शाबासकी द्यावी. नियम आजीशी ठरवूनच सांगावेत, म्हणजे मुलास दोन धनी होत नाहीत. आणि दूर राहिल्याची भरपाई म्हणून मुलास दिवसभर मोबाइल देऊ नये.

आमची विनंती अशी की, येत्या हंगामापासून आपल्या धर्मग्रामातील धर्मभगिनी व शिक्षकांनी दर रविवारी असा एक लहान पाठ अहिराणीत व पावरीत बोलून फोनवर धाडावा. कित्येक मातांस वाचता येत नाही. ऐकता सर्वांस येते. आजीआजोबांसाठी तोच पाठ मिस्सेनंतर येथे सांगावा.

बारा वर्षांचा येशू तांड्यात असेलच, असे समजून मरिया व योसेफ एका दिवसाची वाट चालून गेले. तो नाही हे कळताच ते मागे फिरले व तिसऱ्या दिवशी त्यांना तो मंदिरात सापडला. आपल्या ऊसतोड्या बांधवांस असे मागे फिरता येत नाही. निदान त्यांचा शब्द तरी रोज घरी पोहोचावा, व तो मायेचा असावा, अशी सुबुद्धी प्रभू आपणां सर्वांस देवो.