कवटीतील अडचण आणि घरातील निर्णय



वसंतातल्या या संध्याकाळी मेंदूच्या शस्त्रक्रियेची गोष्ट काढणे काहींना औचित्याला सोडून वाटेल. तो डॉक्टरांचा विषय, असेही कोणी म्हणेल. परंतु या शस्त्रक्रियेत हत्यार डॉक्टरांच्या हाती असते आणि निर्णय घरच्यांच्या गळ्यात पडतो. तोही बहुधा एका रात्रीत. म्हणून तो विषय आज शांतपणे ऐकून ठेवावा, एवढीच विनंती.

अर्धांगवायू आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते आणि तिच्यावर पोसला जाणारा भाग मरू लागतो. साडेचार तासांच्या आत रुग्णालय गाठले, तर योग्य रुग्णाला गुठळी विरघळविणारे औषध देता येते. पण मोठी वाहिनी बंदच राहिली, तर मेंदूच्या एका बाजूचा बराच भाग जातो, आणि त्यानंतर दुसरे संकट उभे राहते. त्या भागाला सूज येते.

तांब्यात हरभरे गच्च भरले, पाणी ओतले आणि तोंड घट्ट बांधून टाकले, तर काय होईल? हरभरे फुगणार, तांबे काही ताणले जाणार नाही. कवटीची गत हीच. एडिंबरोच्या अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ सालीच सांगितले होते की, कवटी ही न वाढणारी पेटी आहे. सुजलेला भाग मग शेजारच्या निरोगी भागाला रेटतो आणि शेवटी श्वास चालविणाऱ्या केंद्रावर दाब येतो. माणूस दगावतो तो या दाबाने.

हे बहुधा पहिल्या दोन-चार दिवसांत घडते, आणि त्याची खूण फसवी असते. रुग्ण सुस्तावतो, हाकेला उशिरा ओ देतो. घरचे म्हणतात, "बरे झाले, डोळा लागला." ती झोप विश्रांतीची नसते, दाबाची असू शकते. डोकेदुखी, उलटी आणि वाढती गुंगी दिसली की, डॉक्टरांना तत्काळ सांगावे.

यावरचा उपाय कल्पनेने साधा आहे. फुगणाऱ्याला जागा द्यावयाची. थिओडोर कोखर आणि हार्वे कुशिंग या शल्यविशारदांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच ही वाट दाखविली होती. सुजेच्या बाजूचे निदान १२ सेंटिमीटर रुंदीचे हाड काढतात, आतले जाड आवरण उघडून सैल करतात आणि वरून त्वचा शिवतात. काढलेले हाड पोटाच्या त्वचेखाली किंवा अतिशीत पेटीत जपून ठेवतात आणि सूज उतरल्यावर, काही आठवड्यांनी वा महिन्यांनी, परत बसवितात. तोवर त्या जागेला धक्का लागू द्यावयाचा नाही.

आता फळाचा हिशेब. फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्स येथील ९३ रुग्णांचा एकत्रित अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. रुग्ण साठीच्या आतले होते आणि शस्त्रक्रिया ४८ तासांच्या आत झाली होती. वर्षाअखेर शस्त्रक्रिया झालेल्या शंभरांतले ७८ जगले. न झालेल्यांतले २९. त्या ७८ पैकी ४३ जण आपल्या पायांनी चालू शकत होते, ३१ जणांना चालण्यासाठीही दुसऱ्याचा आधार लागे, आणि ४ जण अंथरुणाला खिळून होते. साठीनंतरच्या रुग्णांचा अभ्यास २०१४ साली आला. त्यांतही प्राण पुष्कळ वाचले. परंतु पूर्णपणे स्वावलंबी असा एकही झाला नाही.

तात्पर्य, ही शस्त्रक्रिया प्राण राखते. गेलेला हात किंवा गेलेली वाचा परत आणीत नाही. म्हणून "वाचेल का?" एवढाच प्रश्न पुरेसा नाही. "कसा जगेल, आणि ते जगणे त्याला स्वतःला मान्य असेल का?" हेही विचारावे. कोणाला ओट्यावर बसून नातवंडे पाहणे पुरे वाटेल. कोणाला परस्वाधीन जिणे नकोसे होईल. हे माप रुग्णाचे असावे, आपल्या भीतीचे किंवा लौकिकाचे नव्हे. आणखी एक. सही करतात घरचे पुरुष. पुढची वर्षानुवर्षांची सेवा पडते ती सुनेच्या आणि लेकीच्या अंगावर. त्यांना त्या खोलीत बोलावीत नाहीत. बोलावले पाहिजे.

आपला नगर जिल्हा, म्हणजे २०२४ पासूनचा अहिल्यानगर, क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा. अकोल्याच्या डोंगरातून किंवा जामखेडच्या वाडीतून मोठे रुग्णालय गाठीपर्यंतच त्या ४८ तासांतले कित्येक निघून जातात. लोणीला १९८४ साली ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले, ही मोठी सोय झाली. पण त्याआधी, १९७० साली, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम मांडले आणि खेड्यातल्या बायकांना आरोग्याचे शिक्षण देऊन दाखवून दिले की, डॉक्टर पोहोचण्याआधी ज्ञान पोहोचू शकते. तेच येथे हवे आहे. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, जीभ जड झाली, तर घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवा. तेल चोळीत बसू नका. १०८ ला दूरध्वनी करा. आणि पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारा की, सूज वाढली तर येथे शस्त्रक्रिया होईल, की आताच पुढे न्यावे?

राहिली घरातली गोष्ट. आपण अडलो तर आपल्यासाठी काय करावे, हे धडधाकट असताना घरच्यांना सांगून ठेवा. त्यात अशुभ काही नाही. त्या एका रात्री मुलांच्या डोक्यावरचे ओझे तेवढ्याने हलके होईल.