अंदाज आणि माप
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



पाकविद्येवर बोलण्याचा अधिकार मजसारख्या निवृत्त शाळामास्तरास नाही, हे प्रथमच मान्य करतो. जन्मभर खडू हाती धरला; झारा कधी धरला नाही. तथापि या विषयात माझ्या हातून एक चूक घडली, ती आपणांपुढे मांडावयास उभा आहे.

पाच वर्षांपूर्वी माझ्या पुतण्याच्या मुलीने हॉटेल-व्यवस्थापनाच्या शिक्षणक्रमास जाण्याची इच्छा दर्शविली. सर्वांत मोठा विरोध माझा. “शिकून सवरून खाणावळीत राबायचे काय?” असे मी भरल्या घरात बोललो. या विद्येची संस्था लीलावती मुनशी यांच्या पुढाकाराने मुंबईस 1954 सालीच निघाली, हे मला ठाऊकही नव्हते. बरे, विद्या परकी म्हणावी, तर चालुक्यराजा तिसऱ्या सोमेश्वराच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लासा’त अन्नभोगाबरोबर पानीयभोगही आहे, आणि रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ 1875 साली मराठीत छापून निघाले.

असो. मुलगी गेली. दुसऱ्या वर्षी तिला एका जुन्या पेयाचा अभ्यास लिहावयाचा होता. तिने आपल्या आजीचे, म्हणजे आमच्या वहिनींचे, अमृतकोकम निवडले. वैशाखाचे दिवस, ओसरीवर रतांब्यांची रास. वहिनी फळ कापून बिया काढीत, सालीच्या वाटीत साखर भरीत आणि बरणीत थरावर थर रचीत. अशी बरणी उन्हात राहिली की साल रस सोडते व साखर त्यात विरघळते.

“आजी, साखर किती?”

“अगं, अंदाजानं!”

नात काटा मांडून बसली. प्रत्येक मूठ तोलावी आणि वहीत लिहावी. “माझी परीक्षा घेतेस होय गं?” म्हणून वहिनी थोड्या रागावल्याही. पाच मुठी तोलल्या. अंतर चार-पाच ग्रॅमांचे! सहाव्या थरावर मात्र त्यांनी दीड मूठ टाकली. का? तर आदल्या रात्री वळवाचा पाऊस झाला होता, ती फळे भिजलेली. पाणी अधिक सोडतील. मी पस्तीस वर्षे त्रैराशिक शिकविले, पण घरात चाललेले हे गणित मला कधी दिसले नाही.

पुढल्या पौषात वहिनी गेल्या. त्यांची सांदणे, त्यांचे आंबोशीचे लोणचे त्यांच्याबरोबरच गेले. ते कोणी तोलून ठेवले नव्हते.

महिला मंडळास माझी विनंती अशी की, पाककृतींच्या स्पर्धेत पदार्थास बक्षीस द्यावे तसे टिपणासही द्यावे: फळ कोणत्या गावचे, महिना कोणता, ऊन किती. आणि आपल्या शिष्यवृत्तीच्या यादीत वैद्यकी आहे, इंजिनिअरिंग आहे. या शिक्षणक्रमाचे नाव नाही. ते कार्यकारिणीने यंदाच घालावे. विरोध करणारा पूर्वी मीच असतो, म्हणून आज हे अधिक आग्रहाने सांगतो.

गेल्या वैशाखात नातीने वहीवरून बरणी भरली. रंग साधला, चव वहिनींच्या हातची नव्हती, आणि तसे मी बोलूनही गेलो. ती म्हणाली, “आजोबा, आजी बरणी किती दिवस उन्हात ठेवायची, ते लिहायचंच राहिलं.” यंदा ती तीन बरण्या भरून निरनिराळ्या दिवशी उतरविणार आहे. चाखण्याचे काम मजकडे दिले आहे.