पंगत, यंत्रे आणि घरातली तालीम

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



मी पोटासाठी नेमके काय करतो, हे माझ्या आईला अद्याप समजावून देता आलेले नाही. आज तोच प्रयत्न आपल्यापुढे करतो.

आपल्या गणेशोत्सवातील महाप्रसाद आठवा. माणसे ताटकळू लागली की कार्यकर्ते आणखी एक पंगत मांडतात. गर्दी ओसरली की सतरंज्या गुंडाळतात. शेकडो संगणकांच्या समूहात हेच काम ‘क्लस्टर ऑटोस्केलर’ ही आज्ञावली करते. गूगलने २०१४ साली सर्वांस खुल्या केलेल्या ‘कुबरनेटीस’ व्यवस्थेशी ती जोडलेली असते. जागेअभावी एखादे काम खोळंबले आहे काय, हे ती सामान्यतः दर १० सेकंदांनी पाहते आणि नवे यंत्र मागवते. निम्म्याहून रिकामे यंत्र मात्र ती लगेच काढत नाही. १० मिनिटे वाट पाहते, त्यावरील कामे इतरत्र मावतील याची खात्री करते. जेवत्या माणसाला पानावरून उठवायचे नाही, यातच तिचा खरा कस.

याची चाचणी भाड्याच्या यंत्रांवर घेणे खर्चिक. एकदा ती लावून मी घरी गेलो. यंत्रे वाढली, पण आवरली गेलीच नाहीत. रात्रभर रिकामी चालली. देयकाचा आकडा येथे सांगत नाही, कारण सभागृहात माझी पत्नी बसली आहे.

तेव्हापासून तालीम घरच्या लॅपटॉपवर. ‘क्वॉक’ नावाच्या साधनाने त्यावर हजारो लटकी यंत्रे उभी करता येतात. नोंदवहीत ती असतात, प्रत्यक्षात नसतात. निर्णय घेणाऱ्या आज्ञावलीला मात्र नोंदवही पुरते.

आमच्या एका बदलाची चाचणी बहुधा यशस्वी होई, क्वचित फसे. “पुन्हा चालवा, होईल,” असे एक तरुण सहकारी म्हणाला. पण त्या समूहावर एका रुग्णालयाच्या नोंदी यायच्या होत्या. मी तीच चाचणी ओळीने १०० वेळा चालवली. मध्येच थांबवून आत डोकवावे, तर तेवढ्यात घड्याळ पुढे सरके आणि ती १० मिनिटे उलटून सारे चित्रच पालटे. अखेर घड्याळही लटके केले.

मग दोष सापडला. पहिल्या यंत्राचे काम फक्त तिसऱ्यावर मावणारे होते, दुसऱ्याचे तिसऱ्यावर किंवा चौथ्यावर. ‘गो’ भाषेत ‘मॅप’मधील नोंदी वाचण्याचा क्रम मुद्दामच अनिश्चित ठेवलेला असतो. चौथे आधी आले की सारे सुरळीत. तिसरे आधी आले की दोघांनाही तीच एक जागा! पहिल्याला दिलेली जागा मांडून ठेवायला आम्ही विसरलो होतो. एका पानावर दोन पाहुणे.

दुरुस्ती एका ओळीची. त्या रात्री चाचणी १००० वेळा चालवली. एकदाही फसली नाही. लॅपटॉपचा पंखा तेवढा पहाटेपर्यंत घरघरत होता.