आजी का दिसत नाही?

रायपूरच्या गुढियारी भागातील एखाद्या मराठी घरी संध्याकाळी आजी संगणकापुढे बसते. पुण्याचा नातू तिला दिसतो; नातवाला मात्र आजी दिसत नाही. कॅमेरा थेट संगणकाला जोडला की चालतो, हबमधून जोडला की बंद पडतो. दोष कॅमेऱ्यावर येतो आणि तो बिचारा कपाटात जातो.

खरे कारण वाटणीत आहे. यूएसबी ही जोडणी १९९६ साली प्रचारात आली. ती घडविणाऱ्यांत बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट हे प्रमुख होते. तिच्या २००० सालच्या आवृत्तीत संगणकाची एक खाच ५०० मिलिअँपियर प्रवाह देते. ज्या हबला स्वतंत्र वीजपुरवठा नाही, तो त्यातूनच स्वतःचे भागवितो आणि आपल्या प्रत्येक खाचेला १०० मिलिअँपियरचीच हमी देतो. कॅमेऱ्याची भूक पुष्कळदा याहून मोठी असते.

दुसरी वाटणी वाटेची. हबवरील साऱ्या उपकरणांना संगणकाकडे नेणारी तार एकच. तिची क्षमता सेकंदाला ४८० दशलक्ष बिटांची; आणि ६४० बाय ४८० ठिपक्यांचे साधे, न आवळलेले चित्र सेकंदाला तीस वेळा धाडावयाचे, तर त्यांतील सुमारे १४७ दशलक्ष एकटा कॅमेराच अडवून ठेवतो.

म्हणून प्रथम कॅमेरा थेट जोडून पाहावा. तो चालला, तर स्वतंत्र वीज घेणारा हब आणावा. तरीही अडले, तर हबवरील इतर उपकरणे काढावीत, चित्राचा आकार कमी करावा. एवढ्याने बहुधा आजी नातवाला दिसू लागते, आणि कपाटातला कॅमेरा निर्दोष सुटतो.