मातीतील धातू : ओळख आणि जबाबदारी



गुप्तधनाच्या गोष्टी ऐकल्या नाहीत असे घर मराठी मुलखात विरळा. हंडा, त्यावरचा नाग आणि अमावास्येची रात्र हे त्या गोष्टींचे ठरलेले साहित्य. प्रत्यक्षात मात्र जमिनीतून धातूची वस्तू वर येते ती नांगराच्या फाळाने, विहिरीच्या खोदकामाने किंवा पडक्या वाड्याचा पाया उकरताना. अलीकडे धातुशोधक यंत्रेही विकत मिळतात. यंत्र धातू आहे एवढेच सांगते. तो कोणाच्या काळातील, कशासाठी घडविलेला, हे सांगण्याचे काम माणसालाच करावे लागते.

कमलनगरचा परिसर या दृष्टीने भाग्यवान म्हणावा लागेल. एका बाजूस बहामनी सुलतानांची राजधानी बीदर, दुसऱ्या बाजूस १७६० साली मराठे आणि निजाम यांची लढाई पाहिलेले उदगीर आणि थोड्या अंतरावर चालुक्यांचे कल्याण. या मातीत अनेक राजवटींचा पैसा सांडलेला आहे. तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ आणि मागे ‘छत्रपति’ अशी नागरी अक्षरे असतील तर ती तांब्याची शिवराई. हत्ती आणि चार टोकांना वर्तुळे असलेले फुलीसारखे चिन्ह दिसले तर सातवाहनांची आठवण व्हावी. त्यांची पुष्कळ नाणी शिशाची आहेत.

अंक वाचतानाही सावध असावे. निजामी रुपयावर फारसी आकड्यांत १३३० दिसले की नाणे चौदाव्या शतकातले, असे समजून कित्येकजण हुरळतात. तो हिजरी सन असतो. इसवी सनाने ते १९११-१२ ठरते. चारमिनारचे चित्र पाहताच हा भ्रम फिटावा.

धातूचा रंगही बोलतो. तांबे व कांसे मातीत हिरवे पडते, लोखंड तांबूस गंजून फुगते, शिशावर पांढुरका थर चढतो. बीदरचे बिदरीकाम जस्तात थोडे तांबे मिसळून ओततात. त्याचा काळा रंग किल्ल्यातील मातीने आणलेला असतो. तो मळ समजून घासला तर कारागिराने मुद्दाम चढविलेली काळी झाकच नाहीशी होते.

येथेच पहिली आणि सर्वांत मोठी चूक घडते. सापडलेली वस्तू घरी आणून चिंच आणि राख लावून लख्ख करणे ही आपल्या स्वयंपाकघराची शिकवण. देवघरातल्या समईला ती ठीक. पण हिरव्या थराखालीच नाण्याची अक्षरे टिकून असतात आणि आंबटाबरोबर तीही निघून जातात. माती अलगद झाडावी, यापलीकडे काही करू नये.

दुसरी चूक वस्तू उचलण्याची घाई ही होय. अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. तेथे १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाचे मूळ खणताना चार कांस्यशिल्पे मिळाली: बैलजोडीचा रथ, रेडा, हत्ती आणि गेंडा. एकूण वजन साठ किलोहून अधिक. म. न. देशपांडे, एस. आर. राव आणि सां. आ. साळी यांनी ती उत्तर हडप्पा काळातील मानली. डी. पी. अग्रवाल यांनी धातूतील सोमलाचे प्रमाण पाहून ती पुष्कळ नंतरची असावीत असे मत मांडले. शिल्पे शास्त्रीय उत्खननात थरांसह मिळाली असती तर वादाला एवढी जागा उरली नसती. त्या शेतकऱ्याचा यात काहीच दोष नाही. कोठे, किती खोल आणि कशासोबत मिळाले ही नोंद वस्तूइतकीच मोलाची असते, हे त्याला कोणी सांगितले होते?

नाशिकजवळच्या जोगळटेंभीचे उदाहरण याच्या उलट आहे. १९०६ साली तेथे क्षत्रप नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी एकत्र मिळाली. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. जित राजाच्या नाण्यावर जेत्याची मुद्रा! तो साठा सोनाराच्या मुशीत गेला असता तर सातवाहनांच्या विजयाचा हा बोलका पुरावा कायमचा गेला असता.

कायदाही हेच सांगतो. १८७८ च्या निखात निधी अधिनियमाप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे. कर्नाटकाचा याविषयीचा कायदा १९६२ चा. संरक्षित स्मारकाच्या आवारात परवान्यावाचून खणणे १९५८ च्या कायद्याने निषिद्ध आहे. धातुशोधक यंत्र हाती आले म्हणून हे नियम सैल होत नाहीत. कळवावे तर वस्तू जाईल, ही सामान्य माणसाची भीती खरी आहे. पण गुपचूप मोडीत घातलेल्या वस्तूतून घरात येतो तो फक्त धातूचा भाव. तिच्यातला इतिहास त्याच दिवशी वितळतो.

या कामी ग्रंथालयाने पुढे यावे. शंभर वर्षे ज्याने पुस्तके जपली त्याला एक नोंदवही जपणे जड नाही. गावाचे व शिवाराचे नाव, खोली, शेजारी सापडलेली खापरे, वजन आणि एक छायाचित्र एवढे त्यात असावे. वस्तू सरकारजमा होवो वा संग्रहालयात जावो, नोंद गावात राहील. पुढच्या शतकातील वाचकाला आपल्या मातीचे हे एक पान वाचावयास मिळाले, तर या शताब्दीचे सार्थक झाले असे म्हणता येईल.