विद्यापीठांचा एकात्मिक संगणकीय मंच आणि आपली भूमिका

(विद्यार्थी, प्राध्यापक व शिक्षकेतर कर्मचारी आघाड्यांवर काम करणाऱ्या पक्षसभासदांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



प्रवेश, शुल्क, हजेरी, वसतिगृह, परीक्षा, निकाल, शिष्यवृत्ती, कर्मचाऱ्यांचे वेतन आणि रजा हे विद्यापीठीय जीवनातील सारे व्यवहार एकाच संगणकीय मंचावर आणण्याची मोहीम आज देशभर चालू आहे. दिल्ली, हैदराबाद वा इंदूर येथे काम करणाऱ्या सभासदांना ती जशी भेटते, तशीच मुंबई-पुण्यातील सभासदांनाही भेटते. हा विषय तांत्रिक आहे, तो जाणकारांवर सोपवावा, अशी एक प्रवृत्ती आपल्यातही आढळते. ती सोडली पाहिजे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. आपला विरोध यंत्राला नाही. यंत्र आणि यंत्राचा भांडवली वापर यांतील भेद ओळखायला कामगारवर्गाला काळ आणि अनुभव लागला, हे मार्क्सने 'भांडवल'च्या पहिल्या खंडात लुडाइट चळवळीच्या संदर्भात दाखवले आहे. १९६० च्या दशकात कलकत्त्यात आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी संगणकाविरुद्ध लढा दिला, तेव्हा प्रश्न रोजगाराचा होता, आणि तो खरा होता. परंतु जुन्या कारभाराचे गोडवे गाण्याचेही काही कारण नाही. मुंबई विद्यापीठाचे क्षेत्र पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत पसरलेले आहे. गुणपत्रिकेतील एक अक्षर दुरुस्त करून घेण्यासाठी सावंतवाडीच्या शेतमजुराच्या मुलाने मजुरी बुडवून कलिन्याच्या खिडकीपुढे उभे राहावे, यात कोणती लोकशाही होती? हे काम गावातूनच होणार असेल, तर त्याचे स्वागतच केले पाहिजे.

मग प्रश्न कोठे आहे? त्याचे उत्तर मुंबई विद्यापीठानेच २०१७ साली दिले. त्या वर्षीच्या उन्हाळी परीक्षांच्या सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय परीक्षांच्या हंगामातच घाईघाईने अंमलात आणला गेला. काम खासगी कंपनीकडे दिले गेले. ज्यांनी तपासायचे त्या प्राध्यापकांची ना पुरेशी तयारी करून घेतली, ना त्यांचा अनुभव विचारात घेतला. पाने गहाळ झाली, एकाची उत्तरपत्रिका दुसऱ्याच्या नावावर गेली, सर्व्हर वारंवार बंद पडला. कुलपतींनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली, आणि निकालांचे काम सप्टेंबरपर्यंत रेंगाळले. ज्यांच्या उत्तरपत्रिका सापडल्याच नाहीत त्यांना सरासरी गुण देण्याची पाळी आली. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. पण ज्यांचे पुढचे प्रवेश आणि नोकऱ्या हुकल्या त्यांचे नुकसान कोणी भरून दिले? यंत्र बिघडले असे त्या वेळी सांगितले गेले. वास्तविक बिघाड निर्णयपद्धतीत होता. काम करणाऱ्यांना वगळून, निविदेच्या वेगाने, विद्यापीठाचे सर्वांत नाजूक कार्य परस्वाधीन केले गेले.

याच्या तुलनेत 'समर्थ' या प्रणालीकडे पाहा. ती दिल्ली विद्यापीठाने केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या योजनेतून सार्वजनिक पैशाने विकसित केली. खासगी कंपनीवाचून असा मंच उभा राहू शकतो, याचा हा पुरावा आहे, आणि तो आपण मोकळेपणाने मान्य केला पाहिजे. केरळच्या सरकारी शाळांतही मुक्त सॉफ्टवेअरचा वापर अनेक वर्षे चालू आहे, आणि तेथे शिक्षकांनीच शिक्षकांना शिकवले. मात्र सार्वजनिक मालकी म्हणजे आपोआप लोकशाही नियंत्रण नव्हे. देशभरच्या विद्यापीठांचा कारभार एकाच केंद्रीय व्यवस्थेवर चालू लागला की राज्यांच्या विद्यापीठांना त्यात बदल करण्याचा अधिकार किती उरतो, मराठीतून वा संथाळीतून अर्ज भरता येतो की नाही, तक्रार कोणाकडे करायची, हे सवाल उभे राहतातच. शिक्षण समवर्ती सूचीत आहे. ते संगणकाच्या वाटेने केंद्राच्या ताब्यात जाता कामा नये.

त्याहून गंभीर बाब ओळख क्रमांकाची. २०२१ मध्ये श्रेयांकांची केंद्रीय पेढी सुरू झाली, आणि २०२३ पासून आधारशी जोडलेला 'अपार' क्रमांक आला. कागदोपत्री हे सारे संमतीने आहे. आधारची सक्ती विद्यापीठ अनुदान आयोगासारख्या संस्थांना करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात म्हटलेले आहे. पण प्रवेश अर्जातील रकाना भरल्याशिवाय पुढचे पान उघडत नसेल, तर त्या संमतीला काय अर्थ उरतो? आंदोलनात भाग घेणारी विद्यार्थिनी, तिची हजेरी, तिची जात, तिची शिष्यवृत्ती, तिच्या वसतिगृहाच्या नोंदी एका कळीवर एकत्र दिसू लागल्या, तर त्या कळीवर बोट कोणाचे आहे हा निव्वळ व्यवस्थापनाचा प्रश्न राहत नाही. वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने सरकारी यंत्रणांना विस्तृत सवलती दिल्या, आणि त्याच कायद्याने माहिती अधिकाराच्या कायद्यातील कलम ८ खालची माहिती नाकारण्याची मुभा रुंदावली. हा योगायोग मानण्याइतके आपण भाबडे नाही.

साधनांच्या विषमतेबद्दल एकच आकडा देतो. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार ग्रामीण भागात संगणक असलेली कुटुंबे शंभरात पाचांहूनही कमी होती. त्यानंतर मोबाइल वाढले हे खरे. पण पाच इंची पडद्यावर, दिवसाच्या मर्यादित डेटात, मुदतीच्या शेवटच्या रात्री अर्ज भरणे म्हणजे काय, हे आदिवासी वसतिगृहात जाऊन विचारावे. म्हणून खिडकी बंद करून मंच उघडू नये. दोन्ही चालू राहिले पाहिजेत, आणि खिडकीवर कंत्राटी ऑपरेटरऐवजी कायम कर्मचारी असला पाहिजे.

तेव्हा आपापल्या विद्यापीठात पुढील सत्र सुरू होण्यापूर्वी एवढे करावे. मंचासंबंधीचा करारनामा माहिती अधिकारात मागवावा. माहितीसाठा कोठे आहे, तो कोणाला दिला जातो, करार संपल्यावर विद्यापीठाच्या हाती काय उरते, ही कलमे नीट वाचावीत. अधिसभेत आपले निवडून आलेले प्राध्यापक वा पदवीधर प्रतिनिधी असतील तेथे त्यांनी हा विषय लेखी मांडावा. विद्यार्थी, प्राध्यापक आणि शिक्षकेतर कर्मचारी यांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींची देखरेख समिती, आणि यंत्राच्या दोषाने मुदत चुकल्यास कोणाचाही प्रवेश वा शिष्यवृत्ती रद्द होणार नाही असा लेखी नियम, या दोन मागण्यांवर तिन्ही संघटनांनी एकत्र यावे. करारनाम्यांच्या प्रती हाती आल्यावर त्या राज्य केंद्राकडे पाठवाव्यात, म्हणजे निरनिराळ्या विद्यापीठांतील अटी शेजारी शेजारी ठेवून पाहता येतील.