भंगारातला व्हाइस आणि आपण

(निवृत्त कारागीर व शिकाऊ कामगार यांच्या मेळाव्यातील भाषण)



टेबलावर हे ओझे कशाला आणून ठेवले आहे, असे तुमच्यापैकी पुष्कळांना वाटले असेल. हा पाच इंची बेंच व्हाइस आहे. रेल्वे वर्कशॉपमधल्या मंडळींना आणि टपाल खात्याच्या मेल मोटर सर्व्हिसमधल्या कारागिरांना त्याची ओळख करून द्यायला नको. इतरांसाठी एवढेच सांगतो, की फिटरचे दोन्ही हात कानशीवर असतात तेव्हा काम धरून ठेवणारा तिसरा हात म्हणजे हा व्हाइस.

आम्ही पाच निवृत्त फिटर जुने व्हाइस जमवतो आणि दुरुस्त करतो. आजवर अकरा झाले. घरच्यांनी आम्हाला वेड्यात काढले. पण इंग्लंड-अमेरिकेत असे वेडे पुष्कळ आहेत. शिकागोच्या विल्टन कंपनीचे व्हाइस १९४१ पासून निघाले. त्यांच्या सरकत्या भागाखालच्या पट्टीवर महिना आणि साल ठोकलेले असते. पुढच्या काळात तिथे पाच वर्षांची गॅरंटी संपण्याची तारीख येऊ लागली. म्हणून शौकीन लोक त्यातून पाच वर्षे वजा करून व्हाइसचे वय काढतात. आमच्यासमोरचा हा व्हाइस शेफिल्डचा आहे. तिथल्या हॅम्प्टन कंपनीने १९०९ साली ‘रेकॉर्ड’ हे नाव नोंदवले. रंगाचे थर निघाल्यावर तीच ओतीव अक्षरे वर आली.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. यातला एकही व्हाइस आम्ही वर्कशॉपमधून उचललेला नाही. माल कंडेम झाला तरी विकला जाईपर्यंत तो रेल्वेचाच असतो. १९६६ चा रेल्वे मालमत्ता कायदा सर्वांना ठाऊक असावा. आम्ही पुण्याच्या जुन्या बाजारातून, मुंबईच्या चोर बाजारातून वजनावर माल घेतो.

पहिल्याच व्हाइसला आम्ही घात केला. जबड्याच्या पट्टीचा स्क्रू गंजून बसला होता. आम्ही छिन्नी लावून हातोडा घातला आणि जबड्याची कड फुटली. तीस-तीस वर्षे नोकरी केलेली माणसे आम्ही. बीड वाकत नाही, फुटते, हे शिकाऊ पोरालाही माहीत असते. घाई नडली. फुटलेले बीड नीट तापवून, निकेलच्या रॉडने वेल्ड करता येते. पण जबड्याच्या जागी आम्ही त्यावर पूर्ण भरवसा ठेवत नाही. तो व्हाइस आता फक्त हलक्या कामाला वापरतो.

तेव्हापासून आमचा क्रम ठरला आहे. रॉकेलमध्ये थोडे इंजिन ऑइल मिसळून स्क्रूवर सोडायचे आणि दोन-तीन दिवस वाट पाहायची. खाचेत नेमका बसणारा स्क्रूड्रायव्हरच वापरायचा. भाग सुटे झाले की गंज काढायचा. प्लॅस्टिकच्या टबात पाणी घेऊन दर चार लिटरला मोठा चमचाभर धुण्याचा सोडा घालायचा. बॅटरी चार्जरची ऋण वायर व्हाइसला आणि धन वायर साध्या लोखंडाच्या पत्र्याला जोडायची. दोघांचा एकमेकांना स्पर्श होता कामा नये. रात्रभरात गंज सुटतो. पत्रा स्टेनलेस स्टीलचा कधीही घेऊ नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरते. टबातून हायड्रोजन निघतो, म्हणून हे काम उघड्यावर करा आणि जवळ विडी पेटवू नका. जुन्या रंगात शिसे असू शकते. तो कोरडा घासू नका. ओला करून खरवडा, तोंडाला मास्क लावा, मुलांना लांब ठेवा.

शेवटी आटे पाहायचे. बहुतेक व्हाइसचे दुखणे जबड्याच्या पट्ट्या, नट किंवा स्क्रू एवढ्यातच असते. कारण जे झिजणार ते बदलता यावे, अशीच त्याची रचना असते. मुख्य अंग शाबूत असते. हँडलला पाइप घालून आवळणारे हातच त्याला लवकर मारतात.

आता मुख्य मुद्दा. या व्हाइसचा रंग काढताना मागच्या सपाट जागी सेंटर पंचने ठोकलेले ठिपके दिसले. जोडून वाचले तर दोन आद्याक्षरे आणि एक तिकीट नंबर. कंपनीचे नाव साच्यातून ओतून आले. ज्याने या व्हाइसवर आयुष्य काढले, त्याला आपले नाव स्वतः ठोकावे लागले. तो कोण, कुठल्या शॉपचा, हे आम्हाला कळले नाही. तेवढी जागा आम्ही रंगवलेली नाही.

आमच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत आमच्या शॉपमधले बाक मोडले. व्हाइस वजनावर गेले. नट बदलला असता तर त्यातले निम्मे चालले असते, हे आम्हाला तेव्हाही कळत होते. आम्ही गप्प राहिलो. आज भंगारवाल्याकडे पैसे मोजताना ते गप्प बसणे आठवते.

म्हणून आमचे दोनच म्हणणे आहे. व्हाइस कंडेम करण्यापूर्वी तो कारागिराकडून खोलून तपासावा आणि दुरुस्त होणारा शिकाऊ विभागाला द्यावा, ही मागणी शाखांनी लेखी करावी. १९६१ च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्याखाली येणाऱ्या मुलांना हात बसवायला बाक लागतो, फळ्यावरची आकृती पुरत नाही. दुसरे, आपापल्या शॉपमधल्या हत्यारांवर ठोकलेले नंबर वहीत उतरवून घ्या. ते ओळखणारी माणसे अजून हयात आहेत, तोवरच हे काम होईल.

आता आम्ही हा व्हाइस इथेच खोलून पुन्हा जोडून दाखवणार आहोत. शिकाऊ मुलांनी पुढे यावे. हात काळे होतील, एवढी तयारी ठेवा.